खुलेपणा मोजायचा, पण कोणत्या मापाने?

नोकरीच्या मुलाखतीआधी मोबाइलवर व्यक्तिमत्त्व चाचणीची लिंक येणे मुंबईत आता नवलाचे राहिलेले नाही. नुकतीच पदवी घेतलेली मुले ती चाचणी लोकलमध्ये उभ्याउभ्या भरतात आणि कुर्ला ते ठाण्याच्या अंतरात संपवतात. एकामागून एक विधाने येतात, प्रत्येकापुढे ‘पूर्णपणे सहमत’पासून ‘पूर्णपणे असहमत’पर्यंत पाच गोल असतात. शेवटी पाच गुणांचे पाच अंक तयार होतात, आणि बहुतेक वेळा ते उमेदवाराला दिसतही नाहीत. त्या पाचांतला एक अंक खुलेपणाचा. नवे अनुभव, कल्पना, कला, वेगळे विचार यांना माणूस किती मोकळ्या मनाने सामोरा जातो, याचे ते माप मानले जाते. मी मुंबईतल्या एका महाविद्यालयात मानसशास्त्राच्या विद्यार्थ्यांना मापनशास्त्र शिकवते. माझे म्हणणे असे आहे की मराठी माणसांचा खुलेपणा मोजणारी, मराठीतच घडलेली आणि इथल्या माणसांवर पारखलेली मापनी सार्वजनिक विद्यापीठाने तयार करायला हवी. आणि ती होईपर्यंत खुलेपणाच्या अंकावरून कोणाची नोकरी किंवा प्रवेश अडवता कामा नये.

मी चाचण्यांच्या विरोधात नाही. माणसामाणसांत खुलेपणाचा फरक असतो आणि तो बऱ्यापैकी मोजता येतो, हे गेल्या शतकातल्या मानसशास्त्राने कष्टाने मिळवलेले ज्ञान आहे. गॉर्डन ऑलपोर्ट आणि हेन्री ऑडबर्ट या अमेरिकन मानसशास्त्रज्ञांनी १९३६ मध्ये इंग्रजी शब्दकोश चाळून माणसांमधला वेगळेपणा सांगणारे १७,९५३ शब्द बाजूला काढले. पुढच्या संशोधकांनी ते गाळले, गटांत बांधले, आणि अखेर पाच मोठे घटक हाती लागले. त्यांतला पाचवा, म्हणजे खुलेपणाचा, पहिल्यापासून सगळ्यांत कच्चा. त्याचे स्वरूप काय, यावर अमेरिकेतच एकमत नव्हते. लुईस गोल्डबर्ग यांना तो बुद्धीच्या झेपेचा घटक वाटला, तर पॉल कोस्टा आणि रॉबर्ट मॅक्रे यांना अनुभव घेण्याच्या मोकळेपणाचा. कोस्टा-मॅक्रे यांच्या १९९२ च्या २४० विधानांच्या प्रश्नावलीत खुलेपणाला ४८ विधाने आहेत, आणि ती सहा पैलूंत वाटलेली आहेत: कल्पनाविलास, सौंदर्यदृष्टी, भावना, कृती, विचार आणि मूल्ये. ही यादी मला आजही देखणी वाटते. यातला एकही पैलू मराठी माणसाला परका नाही. अडचण आहे ती हे पैलू शोधण्यासाठी जे विचारले जाते त्यात.

गोल्डबर्ग यांनी एक फार मोठे काम केले. चाचण्या विकत घ्याव्या लागू नयेत म्हणून त्यांनी व्यक्तिमत्त्वाविषयीच्या विधानांचा एक सार्वजनिक संग्रह उभा केला, तो कोणालाही फुकट वापरता येतो. त्यातल्या पन्नास विधानांच्या एका नावाजलेल्या संचात खुलेपणाची दहा विधाने आहेत. तीन कलेविषयी: कला महत्त्वाची वाटते, कला आवडत नाही, कलादालनात जायला आवडत नाही. दोन मतदानाविषयी: उदारमतवादी उमेदवाराला मत देण्याकडे कल असतो, परंपरावादी उमेदवाराला मत देण्याकडे कल असतो. एक तात्त्विक चर्चा टाळण्याविषयी, एक अमूर्त कल्पनांत रस नसण्याविषयी, एक संभाषण वरच्या पातळीवर नेण्याविषयी. उरलेल्या दोनांत कल्पनाशक्ती आणि नव्या कल्पना ऐकण्याची आवड. हा संच जिथे तयार झाला तिथे तो चांगला चालतो. पण तोच घेऊन लालबाग-परळच्या एखाद्या चाळीत जाऊन बसा.

कलादालनाचेच घेऊ. जहांगीर आर्ट गॅलरी काळा घोडा परिसरात १९५२ पासून आहे आणि आत जायला तिकीट लागत नाही. लागते ती सवय, रविवारचा मोकळा वेळ, आणि आत शिरल्यावर आपल्याकडे कोणी रोखून बघणार नाही ही खात्री. अशी खात्री घर, शाळा, पत्ता आणि बोलण्याची भाषा यांतून येते. गिरण्यांचे भोंगे वाजत होते तेव्हा कोकणातून आणि घाटावरून आलेला कामगार पाळी संपवून रात्ररात्र दशावतार बघत बसे. डबलबारीच्या भजनात समोरचा बुवा कोणती चाल लावतो, कोणता टोला देतो, हे कान टवकारून ऐके. दामोदर हॉलमध्ये कामगारांनीच बसवलेल्या नाटकाला गर्दी करी. त्याच्या जगण्यात कला ओतप्रोत होती, पण ती भिंतीवर टांगलेली नव्हती. १९८२ च्या संपानंतर गिरण्या एकेक करून बंद पडत गेल्या, भजनी मंडळे आणि गणपतीतले देखावे मात्र टिकले. त्या कामगाराची नात आज कॉलेजच्या एकांकिकेची प्रकाशयोजना करते, निळ्यात किती पिवळा मिसळला की पहाट होते यावर तासभर वाद घालते. कलादालनाच्या विधानापुढे ती प्रामाणिकपणे ‘आवडत नाही’वर बोट ठेवते, आणि मापनी तिचा खुलेपणा खाली उतरवते. मुलगी खरे बोलली, तरी निकाल खोटा आला. मोजायचा होता खुलेपणा आणि मोजली गेली एका वर्गाची रविवार घालवायची रीत.

मतदानाच्या विधानांबद्दल फार बोलायला नको. अमेरिकेतल्या दोन पक्षांच्या चौकटीत ती अर्थपूर्ण असतील. इथे एकच उमेदवार आर्थिक बाबतीत एक, सामाजिक बाबतीत दुसरा आणि भाषेच्या प्रश्नावर तिसराच असतो. शिवाय तुम्ही कोणाला मत देता, हे नोकरी देणाऱ्याला कोणत्याही मिषाने विचारायचा अधिकार नाही.

तात्त्विक चर्चेचे विधान जरा निराळ्या रीतीने फसते. आपल्याकडे पुष्कळ माणसे, विशेषतः बायका, आपण ‘तत्त्वचर्चा’ करतो असे स्वतःविषयी कधीच म्हणणार नाहीत, कारण तसे म्हणणे आगाऊपणाचे वाटते. पण लेडीज डब्यात कोपर ते दादर चाललेले बोलणे नीट ऐका. सासू गेल्यावर दिवस घालावेत का, मुलीने घटस्फोट घेतला तर चूक कोणाची, देहदान केले तर मागच्यांच्या मनाचे काय, या गोष्टींवर तिथे जी घासाघीस होते ती कोणत्याही व्याख्यात्याने हेवा करावा अशी असते. विधान माणसाला स्वतःच्या वागण्याविषयी विचारत नाही, स्वतःला कोणते विशेषण लावायची हिंमत आहे हे विचारते.

परदेशी पदार्थ खाऊन बघणे, अनोळखी ठिकाणी प्रवासाला जाणे, अशा अर्थाची विधाने खुलेपणाच्या ‘कृती’ या पैलूसाठी बऱ्याच प्रश्नावल्यांत भेटतात. मुंबईत माणूस काय खातो हे जात, धर्म, उपास, घरातले वडीलधारे आणि पाकीट मिळून ठरवतात. श्रावण कडक पाळणारी, बाहेरचे न खाणारी एखादी आजी शेजारच्या मुसलमान बाईकडून शिरखुर्म्याची कृती विचारून घेईल, त्यामागची गोष्ट ऐकेल, आणि स्वतः मात्र चमचाही तोंडाला लावणार नाही. ती बंद मनाची आहे का? मला नाही वाटत. प्रवासाचेही तेच. विरारहून रोज चर्चगेटला जाऊन-येऊन तीन-चार तास घालवणाऱ्या माणसाला सुट्टीत कुठे जायला आवडते हे विचारले, तर तो ‘घरी’ म्हणेल. तो थकलेला आहे. संधी नसणे आणि वृत्ती नसणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि जी मापनी त्या वेगळ्या करू शकत नाही ती गरिबी मोजत असते.

मूल्यांच्या पैलूविषयी मला सगळ्यांत जास्त काळजी वाटते. पाश्चात्त्य मापन्यांत धर्मश्रद्धा आणि परंपरेचा मान हे खुलेपणाच्या विरुद्ध टोकाला पडण्याकडे झुकतात. तिथल्या इतिहासात त्याला कारणे असतील. आपल्याकडे गळ्यात माळ असलेला वारकरी जातिभेदाविरुद्ध कडाडून बोलतो, आणि देव न मानणारा माणूस मुलीच्या लग्नाच्या वेळी पोटजात बघतो. श्रद्धेवरून मनाच्या दारांचा अंदाज इथे बांधता येत नाही.

यावर नेहमीचे उत्तर असे की विधानांचा मराठी अनुवाद करावा, दुसऱ्या माणसाकडून तो पुन्हा इंग्रजीत करून घ्यावा आणि दोन्ही इंग्रजी मजकूर ताडून पाहावेत. रिचर्ड ब्रिस्लिन यांनी १९७० मध्ये मांडलेली ही पद्धत आजही प्रबंधांत श्रद्धेने पाळली जाते. तिचा उपयोग आहे. वाक्य बिघडले असेल तर कळते. पण कलादालनाचे वाक्य मराठीत येऊन सुखरूप परत जाईल आणि दोन्ही इंग्रजी वाक्ये तंतोतंत जुळतील. त्या वाक्याच्या मागे अंबरनाथमध्ये कोणते आयुष्य उभे आहे हे त्या तपासणीत कुठेच दिसणार नाही. प्रबंधातल्या ‘अनुवाद समाधानकारक आढळला’ या ओळीवर विसंबून पुढे शेकडो माणसांवर चाचणी चालवली जाते, हे मी वर्षानुवर्षे बघते आहे, आणि त्याचा मला राग येतो.

खुलेपणा ही पाश्चात्त्यांची चीज आहे, आपल्याला तिच्याशी काय करायचे, असे मात्र मला म्हणायचे नाही. मॅक्रे यांनी २००७ मध्ये अनेक संस्कृतींतली माहिती तपासून दाखवले की कविता किंवा कलाकृतीने अंगावर शहारा येणे ही खुलेपणाची जगभर चालणारी खूण आहे. लोकलच्या भजनी डब्यात टाळ-मृदुंगाच्या गजरात एखादा अभंग चढत जातो तेव्हा ज्याच्या अंगावर काटा येतो, त्याला ही खूण समजावून सांगावी लागत नाही. म्हणजे पाया आपल्या आणि त्यांच्या मनात समान असू शकतो. त्याच्यावरची विधाने इथून घ्यायला हवीत, एवढेच.

इतरांनी हे करून दाखवले आहे. बोलिव्हियातल्या त्सिमाने या शेती आणि शिकार करून जगणाऱ्या समाजात सहाशेहून अधिक प्रौढांना पाच घटकांची प्रश्नावली त्यांच्या भाषेत विचारण्यात आली. २०१३ मध्ये तो अभ्यास छापून आला तेव्हा पाच घटक तिथे सापडलेच नव्हते. हाँगकाँगमध्ये फॅनी चेउंग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी उलट बाजूने सुरुवात केली: चिनी कादंबऱ्या, म्हणी, आणि रस्त्यावरच्या माणसांनी स्वतःविषयी सांगितलेल्या गोष्टी गोळा करून प्रश्नावली बांधली. पहिल्या आवृत्तीत खुलेपणाचा घटक वेगळा निघाला नाही, आणि पाश्चात्त्य प्रश्नावल्यांत नसलेला, नाती सांभाळण्याविषयीचा एक घटक निघाला. म्हणून पुढच्या आवृत्तीसाठी त्यांनी खुलेपणाच्या मापन्या तिथल्या जगण्यातून नव्याने रचल्या. दक्षिण आफ्रिकेत तर तेव्हाच्या अकराही अधिकृत भाषांमधल्या बाराशेहून अधिक माणसांना बसवून ‘तुमच्या ओळखीच्या माणसाविषयी सांगा’ असे विचारले गेले आणि त्या बोलण्यातून व्यक्तिमत्त्वाची प्रश्नावली उभी राहिली. मराठी बोलणारे आठ कोटींहून अधिक आहेत. इतक्या लोकांच्या भाषेत हे करायला अवघड काय आहे?

काम कसे व्हावे, ते थोडे तपशिलाने सांगते, कारण ‘मापनी तयार करणे’ म्हणजे चार प्राध्यापकांनी खोलीत बसून पंचवीस वाक्ये लिहिणे, असा समज आपल्या विभागांतूनही आहे. सुरुवात मुलाखतींनी व्हावी. गिरगाव, वरळी कोळीवाडा, घाटकोपरच्या झोपडवस्त्या, डोंबिवली, वसई, पनवेल. ‘तुमच्या ओळखीत नवीन काही शिकायला सदा तयार असलेले कोण आहे? ते काय करतात? आणि ज्याच्यापुढे वेगळे काही बोलायची सोय नाही, असा कोण?’ एवढेच विचारून मुकाट्याने ऐकायचे. लोक विशेषणे कमी देतात, किस्से जास्त सांगतात, आणि विधाने त्या किश्श्यांतून निघतात. मला अशी विधाने मोलाची वाटतील: ‘न पटणारा लेखही शेवटपर्यंत वाचावासा वाटतो.’ ‘शेजारी वेगळ्या धर्माचा सण असला की त्यामागची गोष्ट विचारावीशी वाटते.’ ‘कोणी नेहमीच्या कामाची नवी रीत सुचवली की आधी करून बघावे असे वाटते.’ ‘लहान मुलाने मोठ्यांची चूक दाखवली तर ती खरी आहे का हे मी बघायला जातो.’ शेवटच्या विधानात मराठीचा एक पेच आहे. ‘जातो’ छापले की बाई अडखळते, ‘जातो/जाते’ छापले की वाक्य सरकारी अर्जासारखे होते. म्हणून होईल तितकी विधाने ‘मला वाटते’ या वळणाने लिहावीत, नाहीतर बायकांसाठी आणि पुरुषांसाठी वेगळे कागद छापावेत. दोन्ही कागद सारखेच मोजतात, हे मात्र मग आकड्यांनी सिद्ध करावे लागेल.

विधाने लिहून झाली की ती माणसांसमोर मोठ्याने वाचायची आणि विचारायचे, ‘यातून तुम्हाला काय कळले?’ हा टप्पा आपल्याकडे जवळजवळ नेहमी गाळला जातो आणि नेमके तिथेच सगळे उघडे पडते. अंगावर काटा येण्याचे विधान अर्धी माणसे भीतीशी जोडतील, त्यात गाण्याचा उल्लेख घालावा लागेल. नकारार्थी विधाने तर घातच करतात. ‘मला नव्या कल्पनांत रस नाही’ यावर ‘असहमत’ म्हणायचे, म्हणजे रस आहे, हा उलटसुलट हिशोब दमलेल्या माणसाला झेपत नाही. नकारार्थी विधाने घालण्यामागचा हेतू चांगला आहे. सगळ्याला ‘हो’ म्हणत जाणारा माणूस त्यांच्यामुळे ओळखू येतो, आणि आपल्याकडे ‘हो’ म्हणण्याची सवय दांडगी, विचारणारा शिकलेला आणि शर्ट खोचलेला असला की अधिकच. पण यावर दुसरे उपाय आहेत. बंद मनाचे वागणेही होकारार्थी वाक्यात लिहिता येते: ‘घरात जसे चालत आले तसेच चालावे असे मला वाटते.’ रेन्सिस लिकर्ट यांनी १९३२ मध्ये रुजवलेल्या सहमत-असहमतच्या पायऱ्यांऐवजी ‘कधीच नाही’पासून ‘नेहमी’पर्यंतच्या पायऱ्या ठेवल्या तर आमच्या आया-मावश्या जास्त सहज उत्तर देतात, असा माझा अनुभव आहे.

मग आकडेमोड येते. काही शे माणसांच्या उत्तरांवर घटक विश्लेषण करून कोणती विधाने एकत्र येतात ते पाहायचे, आणि तीच रचना अगदी वेगळ्या काही शे माणसांत पुन्हा उभी राहते का ते तपासायचे. एकाच गटावर दोन्ही करणे म्हणजे पेपर काढणाऱ्यानेच तो सोडवणे. विश्वसनीयतेसाठी, म्हणजे अंकावर किती भरवसा ठेवता येतो हे पाहण्यासाठी, ली क्रॉनबाख यांचा १९५१ चा ‘अल्फा’ हा आकडा सगळेच काढतात, आणि तो ०.८० च्या वर गेला की विद्यार्थी पेढे वाटायच्या बेतात असतात. अल्फा वाढवणे मुळीच कठीण नाही. ‘मला चित्रे आवडतात’ हेच दहा वेगवेगळ्या शब्दांत विचारा, अल्फा उत्तम येईल आणि तुम्ही खुलेपणाचा एक कोपराच दहादा मोजलेला असेल. विधाने एकमेकांशी जुळतात, एवढेच अल्फा सांगतो. ती कशाविषयी आहेत ते तो सांगत नाही.

ते सांगते सप्रमाणता, म्हणजे जे मोजायचे तेच मापनी मोजते का याची पारख, आणि तिला सोपी वाट नाही. क्रॉनबाख आणि पॉल मील यांनी १९५५ मध्ये, तर डोनाल्ड कॅम्पबेल आणि डोनाल्ड फिस्क यांनी १९५९ मध्ये जे शिकवले त्याचा गाभा असा: मापनीचा अंक ज्याच्याशी जुळायला हवा त्याच्याशी जुळला पाहिजे, ज्याच्याशी जुळू नये त्याच्याशी जुळता कामा नये, आणि हे एकाहून अधिक पद्धतींनी दिसले पाहिजे. मराठी मापनीसाठी याचा अर्थ काय? स्वतः भरलेला अंक आणि वीस वर्षे शेजारी राहिलेल्या माणसाने दिलेला अंक जुळायला हवेत. अंक जास्त असलेली माणसे वर्षभरात खरोखर काही नवे शिकलेली, मत बदललेली, अनोळखी घरात जेवलेली दिसायला हवीत. उलट, अंक घरच्या उत्पन्नाशी, इंग्रजी माध्यमाशी किंवा चर्चगेटपासूनच्या अंतराशी घट्ट जुळला तर मापनी नापास. शिवाय चांगले दिसण्याची हौस मोजणारी छोटी मापनी सोबत द्यावी, कारण ‘मी सगळ्या जातिधर्मांना समान मानतो’ यावर ‘नाही’ म्हणणारा माणूस अजून मला भेटायचा आहे.

आणखी एक अट, जिच्यावर मी अडून बसेन. समान खुलेपणा असलेली गिरगावातली मुलगी आणि धारावीतली मुलगी एखाद्या विधानाला वेगळे उत्तर देत असतील, तर ते विधान काढून टाकायचे, ते आपल्याला कितीही आवडत असो. ही तपासणी झाल्याशिवाय गटागटांच्या सरासऱ्यांची तुलना करणे अशास्त्रीय आहे, आणि जातीजातींत वाटल्या गेलेल्या आपल्या समाजात ती धोकादायकही आहे. अमुक समाज बंद मनाचा, असा मथळा छापायला इथे वेळ लागणार नाही.

याच कारणासाठी ‘आपले ते चांगले’ म्हणणाऱ्यांशीही माझे जमत नाही. त्रिगुणांवर बेतलेल्या प्रश्नावल्या भारतात आहेत आणि त्या अभ्यासाव्यात. पण शास्त्रग्रंथात सांगितले आहे म्हणून मापनी सप्रमाण ठरत नाही, जशी ती अमेरिकेतल्या बाल्टिमोरमध्ये तयार झाली म्हणूनही ठरत नाही. परीक्षा दोघींना एकच.

आता नोकरीकडे येते. समजा, मापनी उत्तम आहे, विश्वसनीयता ०.८० आहे. सरासरी ५० आणि प्रमाण विचलन, म्हणजे अंक सरासरीभोवती किती पसरतात त्याचे माप, १० धरले तर एका माणसाच्या अंकातली प्रमाण त्रुटी, म्हणजे मोजण्यातच होणाऱ्या चुकीचे माप, साधारण साडेचार येते. म्हणजे दोन्ही बाजूंना तिची दुप्पट धरली तर ज्याला ५० अंक मिळाले त्याचा खरा अंक ४१ ते ५९ मध्ये कुठेही असू शकतो असे मानावे लागते. शंभर जणांच्या रांगेत तो एकोणिसाव्या जागी उभा असेल किंवा एक्याऐंशीव्या. अशा अंकावर ‘४५ च्या खाली नको’ अशी रेघ ओढून एखाद्याला घरी पाठवणे हा अन्याय आहे. जम नन्नली यांच्या मापनशास्त्राच्या पाठ्यपुस्तकात १९७८ मध्येच लिहिले होते की माणसाविषयी निर्णय घ्यायचा असेल तर ०.९० ही किमान अपेक्षा धरावी. आणि एवढे करून साधायचे काय? मरे बॅरिक आणि मायकेल माउंट यांनी १९९१ मध्ये अनेक अभ्यास एकत्र करून पाहिले तेव्हा खुलेपणाचा कामगिरीशी संबंध जवळपास नसल्यासारखा निघाला. प्रशिक्षणात शिकण्याशी थोडा होता. कामगिरीशी सातत्याने जोडलेला घटक होता पाचांतलाच दुसरा, कर्तव्यदक्षता.

मनुष्यबळ विभागात काम करणारे माझे माजी विद्यार्थी यावर म्हणतात, ‘मॅडम, चाचणी नसेल तर काय उरते? ओळख, आडनाव आणि मुलाखत घेणाऱ्याचा मूड.’ हा आक्षेप गंभीर आहे आणि मी तो टाळणार नाही. मोकळ्या गप्पांसारखी मुलाखत पक्षपाती असते, हे खरेच. पण तिला पर्याय म्हणून सदोष मापनी आणली तर तोच पक्षपात आकड्यांच्या वेषात परत येतो, आणि आकड्याशी वाद घालता येत नाही. सगळ्यांना तेच प्रश्न, ठरलेल्या निकषांवर गुण, अशी आखीव मुलाखत घ्यावी. प्रत्यक्ष कामाचा तुकडा करून घ्यावा. या दोन्ही गोष्टी निवडीसाठी चांगल्या ठरतात हे दशकानुदशकांच्या संशोधनात दिसले आहे.

कायद्याचेही बोलले पाहिजे. दादरच्या मंडईत मासे विकणारीचा वजनकाटा वैधमापन विभागाकडून ठरावीक मुदतीने तपासून घ्यावा लागतो, शिक्का नसेल तर दंड होतो. पापलेटात पन्नास ग्रॅमची फसवणूक होऊ नये याची आपण एवढी काळजी घेतो. माणसाचे वर्ष-दोन वर्षे पुढे ढकलणाऱ्या काट्यावर शिक्का कोणाचा? दक्षिण आफ्रिकेच्या १९९८ च्या रोजगार समता कायद्याच्या आठव्या कलमाने मानसशास्त्रीय चाचण्यांना सरळ मनाई केली आहे. मुभा आहे ती फक्त चाचणी शास्त्रीयदृष्ट्या सप्रमाण आणि विश्वसनीय असल्याचे दाखवता आले, ती सगळ्यांना न्याय्यपणे लावता येते, आणि कोणत्याही गटाविरुद्ध झुकलेली नाही, तरच. दाखवण्याची जबाबदारी चाचणी वापरणाऱ्यावर. असे कलम महाराष्ट्राने करावे. सोबत उमेदवाराला स्वतःचा अंक, त्यातली त्रुटी आणि तो कोणत्या गटाच्या मानकांशी, म्हणजे आधी नोंदलेल्या सरासरीशी, ताडला गेला हे कळण्याचा हक्क द्यावा. ओहायोतल्या विद्यार्थ्यांच्या सरासरीशी उल्हासनगरच्या मुलाची तुलना झाली असेल तर त्याला ते कळलेच पाहिजे.

मराठीला हे काम नवे नाही. व्ही. व्ही. कामत यांनी फ्रेंच मानसशास्त्रज्ञ बिने यांची बुद्धिमत्ता चाचणी मराठी आणि कन्नड मुलांसाठी बसवली आणि १९३४ मध्ये ती पुढे आली. त्यांनी नुसते भाषांतर केले नाही. कोणता प्रश्न कोणत्या वयाला, हे इथल्या मुलांवर चालवून ठरवले. संगणक नव्हता, अनुदान आयोग नव्हता. त्यांच्या चाचणीने पुढची अनेक दशके काम केले, आणि त्यातूनच दुसराही धडा मिळतो: मानके जुनी होतात, मापनी जिवंत ठेवावी लागते, म्हणून ती एका प्राध्यापकाच्या नावावर न राहता संस्थेकडे असावी. कालिन्यात मुंबई विद्यापीठाचा उपयोजित मानसशास्त्र विभाग आहे, देवनारला टाटा समाजविज्ञान संस्था आहे, महाविद्यालयांत दरवर्षी प्रकल्पासाठी विषय शोधणारे पदव्युत्तर विद्यार्थी आहेत. तीच ती परदेशी प्रश्नावली, तेच ते शंभर वर्गमित्र, हा प्रकार थांबवून दोन-तीन वर्षे सगळ्यांचे प्रकल्प एकाच मापनीला जोडले तर मुलाखती घ्यायला मनुष्यबळ आयते आहे. तयार विधाने, गुणांकन आणि ओळख पुसलेली सगळी माहिती गोल्डबर्ग यांच्या संग्रहासारखी फुकट खुली करावी, म्हणजे नागपूर आणि कोल्हापूरचे लोक ती आपल्याकडे तपासून आमच्या चुका काढतील.

आणि या सगळ्यातून जे निघेल ते जसेच्या तसे छापायची तयारी हवी. माझा स्वतःचा अंदाज आहे की मराठीत खुलेपणा एकसंध निघणार नाही. गाण्या-नाटकात रमणारा मोकळेपणा एका बाजूला आणि वेगळ्या माणसाला घरात घेण्याचा मोकळेपणा दुसऱ्या बाजूला पडेल, आणि दोहोंचा एकमेकांशी संबंध आपल्याला बरे वाटेल त्याहून कमी असेल. तसे निघाले तर दोन मापन्या कराव्यात, दोन्हींचे अंक वेगळे द्यावेत, आणि पाच घटकांचा आकडा जुळवण्यासाठी त्यांची बेरीज करू नये.